दारू सोडण्यासाठी मीटिंग शोधताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

"पत्ता शोधत गेलो, तर तिथे कुलूप." "आत गेलो, तर म्हणाले ही मीटिंग फक्त सदस्यांसाठी आहे." "एकदा जाऊन आलो, ते आपल्यासाठी नाही." दारू सोडू पाहणारी माणसं आणि त्यांच्या घरचे यांच्याकडून हीच तीन वाक्यं वारंवार ऐकू येतात. मीटिंग म्हणजे अशी माणसं एकत्र बसून आपापला अनुभव सांगतात ती बैठक. पहिल्याने फोन करून खात्री केलेली नसते, दुसऱ्याने मीटिंगचा प्रकार पाहिलेला नसतो आणि तिसऱ्याने एका संध्याकाळवरून निकाल दिलेला असतो. या चुका साध्या आहेत, पण महागात पडतात. मीटिंगला जायचा धीर फार कष्टाने गोळा होतो. तो एका बंद दारापाशी खचला, तर पुन्हा गोळा व्हायला महिने जातात.

म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. दुसऱ्या ते पाचव्या टप्प्यांचं काम एका दिवसात होतं.

## टप्पा १: आधी शरीर सांभाळा

तुम्ही रोज पीत असाल, सकाळी हात थरथरत असतील आणि घोट घेतल्यावरच थांबत असतील, तर "उद्या मीटिंग, म्हणून आजपासून बंद" असं स्वतःच ठरवू नका. सवय झालेल्या शरीराची दारू एकदम तोडली, की शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ आणि धडधड सुरू होते, झोप उडते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, आपण कुठे आहोत याचं भान सुटतं. या अवस्थेत जीवही जाऊ शकतो.

यावर उपचार आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसांची औषधं आणि थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व मिळालं, तर हा काळ बऱ्यापैकी सुरक्षितपणे पार पडतो. डॉक्टरांना मात्र प्रमाण खरं सांगा. लाजेने निम्मं सांगितलं, तर औषधाचा डोसही त्या निम्म्यावरच ठरतो.

सावधान: पूर्वी दारू थांबवल्यावर फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, गरोदरपण असेल, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर घरी प्रयोग करू नका. थेट रुग्णालयात जा. दारू थांबवल्यावर फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ती तातडीची वेळ आहे. अशा वेळी मीटिंगमधल्या कुणाला फोन करत बसू नका.

डॉक्टरांचा हा टप्पा चालू असतानाही मीटिंगला जाता येतं. आधी पूर्ण सुटू दे, मग जाऊ, असं ठरवणारे बहुतेक जण कधीच जात नाहीत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना आहे. तिथे सदस्यत्वाची एकच अट आहे: दारू थांबवण्याची इच्छा. थांबवलेली असणं ही अट नाही.

## टप्पा २: मीटिंग नक्की कोणासाठी हवी आहे?

शोधणारी व्यक्ती पुष्कळदा पिणारी नसतेच. ती बायको असते, आई असते, मुलगा असतो. ती आठवडेच्या आठवडे "त्यांच्यासाठी" ए.ए.चे पत्ते गोळा करते, आणि ते काही जात नाहीत.

ए.ए. पिणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. नातेवाईक आणि जवळचे मित्र यांच्यासाठी अल-अनॉन हे वेगळं संघटन आहे, आणि त्यातच किशोरवयीन मुलांसाठी अलटीनचे गट असतात. घरच्या माणसाने दारू सोडायची तयारी दाखवलेली नसली, तरी तुम्ही अल-अनॉनला आजपासून जाऊ शकता. त्याच्या होकाराची वाट पाहायची गरज नाही. घरच्यांनी आधी स्वतःची मीटिंग शोधावी असं मी आग्रहाने सांगतो. सततच्या काळजीने तुम्हीही थकलेले असता आणि ते ऐकून घेणारी जागा तुम्हालाही हवी असते.

पिणाऱ्यासाठी एवढंच करा: पुढच्या टप्प्यांप्रमाणे खात्री केलेल्या दोन मीटिंगची वेळ, पत्ता आणि फोन एका कागदावर लिहा. तो शुद्धीत असताना, सकाळच्या वेळी, एकदा शांतपणे द्या. प्यायलेल्या माणसाशी रात्री केलेली चर्चा सकाळी त्याला आठवतही नाही.

सावधान: जेवणातून किंवा चहातून दारू सोडवायची गोळी गुपचूप देऊ नका. डायसल्फिरामसारख्या औषधावर माणूस प्यायला, तर रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो, प्रसंगी जीव जाऊ शकतो. ज्याला ते दिलं जातंय, त्याला ते माहीत असलंच पाहिजे.

## टप्पा ३: गटांचे प्रकार समजून घ्या

खुली आणि बंद मीटिंग. खुल्या मीटिंगला कोणीही येऊ शकतं: नातेवाईक, विद्यार्थी, नुसती माहिती हवी असलेला माणूस. बंद मीटिंग ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठीच असते. तिथे भावाला सोबत नेलंत, तर भावाला बाहेर थांबावं लागेल. तुम्ही स्वतः पीत असाल आणि थांबायचं असेल, तर पहिल्याच दिवशी दोन्हींना जाऊ शकता. "बंद" म्हणजे नव्यांना बंद, असा गैरसमज करून घेऊन पुष्कळ जण परत फिरतात.

आत काय चालतं. वक्त्याची मीटिंग असेल, तर एक-दोघे आपला अनुभव सविस्तर सांगतात आणि बाकीचे ऐकतात. पायऱ्यांची मीटिंग असेल, तर ए.ए.च्या बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे दारूतून बाहेर येण्यासाठी क्रमाने करायच्या बारा गोष्टींपैकी, एक वाचून त्यावर बोलतात. शेअरिंगच्या मीटिंगमध्ये एकेक जण बोलतो. काही ठिकाणी खास नव्यांसाठी मीटिंग असते. बोलायची धास्ती वाटत असेल, तर वक्त्याच्या मीटिंगपासून सुरुवात करा. तिथे तुमच्यावर बोलायची पाळी येण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

ए.ए. सोडून इतर मार्ग. ए.ए.च्या पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो "ज्याला जसा उमगला तसा" या अर्थाने. तरीही ते पटत नसेल, तर ए.ए.मध्येच धर्मनिरपेक्ष गट आहेत. स्मार्ट रिकव्हरी या वेगळ्या संघटनेत पायऱ्या नाहीत, स्पॉन्सर (नव्याला वाट दाखवणारा अनुभवी सदस्य) नाही. तिथे प्रशिक्षित संचालक विचार आणि वर्तन बदलण्याची तंत्रं शिकवतो, आणि सदस्य एकमेकांच्या बोलण्यावर थेट चर्चा करतात. लाइफरिंगही धर्मनिरपेक्ष आहे. विमेन फॉर सोब्रायटी स्त्रियांसाठी आहे. रिकव्हरी धर्मा बौद्ध विचार आणि ध्यान यांवर उभं आहे. हे गट सगळीकडे नाहीत, पण त्यांच्या ऑनलाइन मीटिंगा असतात.

इथे अडकून पडू नका. कोणता मार्ग उत्तम यावर तीन आठवडे वाचन करणं म्हणजे तीन आठवडे पिणं. आठवड्यात पोहोचता येईल असा जो गट आहे, त्यापासून सुरुवात करा.

## टप्पा ४: आपली धोक्याची वेळ लिहून काढा

बहुतेक जण "जवळची मीटिंग" शोधतात. मी म्हणेन, वेळेची मीटिंग शोधा.

मागचे दोन आठवडे डोळ्यांसमोर आणा. पहिला पेला कुठल्या वेळी हातात येतो? काम सुटल्यावर साडेसहाला? जेवणाआधी? सुट्टीच्या दुपारी, घरात कोणी नसताना? पगाराच्या दिवशी? वार आणि वेळ कागदावर लिहा. माणूस ज्या तासाला पीत होता, तो तास रिकामा राहिला की त्याच दुकानाकडे पाय वळतात. संध्याकाळी सातला पिणाऱ्याने सकाळी सातची मीटिंग निवडली, तर ती कितीही जवळ असली तरी त्याचा अवघड तास तसाच उघडा राहतो. अर्धा तास प्रवास करावा लागला, तर तो प्रवासही त्या तासात मोडतो, आणि ते बरंच आहे.

मीटिंग साधारण एक ते दीड तासाची असते. जाण्या-येण्याचा वेळ त्यात मिळवा आणि आठवड्यातल्या सर्वांत अवघड तीन वेळांवर खूण करा. यादी करताना याच तीन वेळा समोर ठेवायच्या.

## टप्पा ५: यादी करा, पण एका ठिकाणावर विसंबू नका

१. संघटनेच्या अधिकृत संकेतस्थळावरची मीटिंगची यादी पाहा. ए.ए.चं मीटिंग गाइड नावाचं मोफत ॲपही आहे, पण सगळ्या प्रदेशांतले गट त्यात नसतात. ॲपमध्ये काही दिसलं नाही, म्हणजे तुमच्याकडे गटच नाही असं समजू नका.

२. ए.ए.चं स्थानिक सेवा कार्यालय किंवा इंटरग्रुप (त्या भागातल्या गटांनी मिळून चालवलेली कचेरी) असेल, तर तिथे फोन करा. फोन उचलणारा बहुधा स्वतः दारूतून बाहेर आलेला सदस्यच असतो.

३. डॉक्टर, रुग्णालयातला मानसोपचार विभाग, व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक यांना विचारा. छापील यादीत नसलेल्या मीटिंग त्यांना ठाऊक असतात.

४. ऑनलाइन मीटिंग शोधा. ए.ए.च्या ऑनलाइन इंटरग्रुपच्या यादीत वार, वेळ आणि भाषा यांनुसार निवड करता येते. ऑनलाइन मीटिंगची वेळ दुसऱ्या देशाच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली असू शकते, तेव्हा ती आपल्या वेळेत बदलून लिहा.

यातून किमान चार मीटिंग निवडा: धोक्याच्या वेळांवरच्या तीन आणि रात्री-अपरात्री उपयोगी पडेल अशी एक ऑनलाइन.

तपासून घ्या: कोणी प्रवेशशुल्क मागतंय का? ए.ए. आणि अल-अनॉनमध्ये फी नसते, नावनोंदणीचे पैसे नसतात. पैसे मागणारी जागा उपचार केंद्र असेल, आणि तशी केंद्रं काहींना लागतातही. पण ती मीटिंग नव्हे. "एका मीटिंगमध्ये खात्रीने सुटका" असा दावा कोणी केला, तर तिथून निघा.

## टप्पा ६: फोन करून खात्री करा

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो, आणि माणसं सर्वांत जास्त इथेच गळतात. गट स्वयंसेवकांवर चालतात. शाळेच्या वर्गात, रुग्णालयाच्या खोलीत, प्रार्थनास्थळाच्या मागच्या दालनात, सार्वजनिक सभागृहात त्यांच्या मीटिंग भरतात. जागा सुट्टीत बंद होते, वेळ बदलते, गट दुसरीकडे जातो आणि यादी मात्र जुनीच राहते.

फोनवर काय बोलायचं सुचत नसेल, तर हे पुढे ठेवून वाचा:

"नमस्कार. मला पहिल्यांदाच मीटिंगला यायचंय. मंगळवारची मीटिंग सध्या भरते का? किती वाजता? खुली आहे की बंद? आत कुठल्या दाराने यायचं? गटाचं नाव काय? मी थोडं आधी आलो, तर कोणी भेटेल का?"

शेवटचे दोन प्रश्न मुद्दाम घातलेत. प्रत्येक गटाला स्वतःचं नाव असतं. फाटकावरच्या माणसाला गटाचं नाव विचारलं, की दारूचा उल्लेख करावा लागत नाही. आणि कोणीतरी दारात थांबणार आहे हे कळलं, की पाय उचलणं खूप सोपं जातं.

फोनवर तुमचं आडनाव, पत्ता, नोकरी सांगायची गरज नाही. कोणी उचललं नाही, तर संध्याकाळी पुन्हा करा, कारण सदस्य दिवसा आपापल्या कामावर असतात. दोनदा करूनही उत्तर आलं नाही, तर यादीतल्या पुढच्या गटाला करा.

## टप्पा ७: पहिली मीटिंग

आदल्या दिवशी जायचा रस्ता ठरवा. नेहमीच्या दुकानावरून जाणारा नको. घरी परत येण्याची सोयही ठरवून ठेवा. पोटात काही घालून जा, कारण भुकेल्या पोटी पिण्याची ओढ वाढते.

१५ मिनिटं आधी पोहोचा. वाचन सुरू झाल्यावर आत शिरणाऱ्याकडे सगळ्यांची मान वळते आणि नव्या माणसाला तेवढंही पुरतं परत फिरायला. लवकर गेलात, तर दोन-तीन जण खुर्च्या लावताना भेटतील. "मी पहिल्यांदाच आलोय" किंवा "आलेय" एवढंच म्हणा. पुढचं ते पाहतील.

सुरुवातीला काही मजकूर वाचला जातो. मग एकेक जण "माझं नाव अमुक, मी मद्यपी आहे" असं म्हणून बोलतो. तुम्हाला तसं म्हणायची सक्ती नाही. "मी आज फक्त ऐकायला आलोय" म्हटलं तरी चालतं, कोणी खोदून विचारत नाही. ए.ए.च्या बहुतेक गटांत एकाच्या बोलण्यावर दुसरा लगेच सल्ला किंवा मत देत नाही. तुम्ही मन मोकळं केलंत आणि समोरून कोणीच काही बोललं नाही, तर त्याचा अर्थ दुर्लक्ष असा घेऊ नका. बोलणाऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून ती रीत आहे.

मध्येच पिशवी किंवा डबा फिरेल. गटाचा खर्च सदस्यांच्याच ऐच्छिक पैशातून चालतो. पहिल्यांदा आलेल्याने काही टाकलं नाही, तर कोणालाही वावगं वाटत नाही. शेवटी प्रार्थना झाली आणि ती म्हणायची नसली, तर शांत उभे राहा.

ओळखीचं कोणी दिसलं तर? ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. ते माणूसही तुमच्यासारख्याच कारणाने तिथे आलेलं असतं. इथे कोण दिसलं आणि काय ऐकलं ते बाहेर न्यायचं नाही, ही मीटिंगमधली पक्की रीत आहे. तीच तुम्हीही पाळा, घरी सांगतानासुद्धा.

त्या दिवशी प्यायले असाल तर: तरीही जा. गाडी चालवू नका, मागे बसा, बोलण्याऐवजी ऐका. शांत बसणाऱ्याला सहसा कोणी उठवत नाही.

मीटिंगला हजर होतो याचा पुरावा कामावर किंवा न्यायालयात दाखवायचा असेल तर: आधीच्या फोनमध्येच विचारा. ए.ए. हजेरीपट ठेवत नाही. काही गट कागदावर सही देतात, काही देत नाहीत.

## टप्पा ८: मीटिंग संपल्यावर लगेच निघू नका

नवी माणसं शेवटचा शब्द संपताच दाराकडे धावतात आणि जे घ्यायला आले होते ते तिथेच ठेवून जातात. मीटिंग आठवड्यातले काही तास सांभाळते. उरलेल्या सगळ्या तासांसाठी माणसं लागतात, आणि ती भेटतात या १५ मिनिटांत.

दोन किंवा तीन जणांचे फोन नंबर घ्या. पुरुषांनी पुरुषांचे आणि स्त्रियांनी स्त्रियांचे घ्यावेत, हा जुना आणि शहाणपणाचा प्रघात आहे. विचारायचं असं: "रात्री ओढ लागली, तर मी तुम्हाला फोन करू का? किती वाजेपर्यंत चालेल?" मग दुसऱ्याच दिवशी, काहीही झालेलं नसताना, एक फोन करून ठेवा. चांगल्या दिवशी ज्याला फोन केला नाही, त्याला वाईट रात्री फोन करायला बोट उठत नाही. आणि तो फोन पेला उचलण्याआधी करायचा असतो.

सावधान: दारूतून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाशी प्रेमसंबंध जुळवू पाहणारे, उसने पैसे मागणारे, घरी एकट्याने यायला सांगणारे लोक कुठल्याही गटात असू शकतात. अशा वेळी गटातल्या जुन्या सदस्याला स्पष्ट सांगा आणि गट बदला. मीटिंग सोडू नका. स्त्रियांना मिश्र गटात अवघड वाटत असेल, तर फक्त स्त्रियांच्या मीटिंग शोधा. जवळ नसतील, तर ऑनलाइन असतात.

आणखी एक: कोणी "डॉक्टरची औषधं बंद कर, तीही नशाच" असं म्हणालं, तर ऐकू नका. सदस्याने डॉक्टर बनू नये, असं ए.ए.च्या स्वतःच्या पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. नैराश्याची, फिटची, ओढ कमी करण्याची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाहीत.

## टप्पा ९: एका मीटिंगवरून निकाल देऊ नका

अल-अनॉनमध्ये नव्या माणसाला सांगतात, किमान सहा मीटिंगा करा आणि मग ठरवा. पिणाऱ्यांसाठीही तोच हिशोब ठेवा, आणि त्या सहा किमान तीन वेगवेगळ्या गटांत करा. एका गटात सगळे वयाने मोठे असतील, दुसऱ्यात तुमच्या वयाचे. एकीकडे वाचन जास्त, दुसरीकडे बोलणं. काही जुने सदस्य नव्यांना "९० दिवसांत ९० मीटिंग" करायला सांगतात. सुरुवातीचे तीन महिने नाजूक असतात म्हणून तो सल्ला दिला जातो, पण तो नियम नाही. जमलं तर करा, नाही जमलं म्हणून येणं थांबवू नका.

प्रत्येक मीटिंगनंतर वहीत तीनच गोष्टी लिहा: कोणाचं बोलणं माझ्याशी जुळलं, कोणाचा फोन नंबर मिळाला, घरी जाताना पिण्याची इच्छा वाढली की कमी झाली. "लोक कसे होते" हे लिहायला गेलात, की दोषच सापडतात. त्यांचं शिक्षण, पगार, किती प्यायचे याची तुलना स्वतःशी कराल, तर "मी एवढा वाईट नाही" इथेच येऊन थांबाल. तो माणूस आतून कसा तुटला होता ते ऐका.

सहा मीटिंगांनंतर ज्या गटात लोक तुम्हाला नावाने ओळखू लागले असतील, त्याला आपला गट करा. तिथे खुर्च्या लावण्याचं किंवा चहा देण्याचं काम मागून घ्या. काम अंगावर असलं, की नको वाटणाऱ्या दिवशीही जाणं होतं.

मग स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्या करताना हात धरणारा अनुभवी सदस्य. पुष्कळ दिवस दारूपासून दूर असलेला, ज्याने स्वतः पायऱ्या केल्या आहेत आणि ज्याला स्वतःचा स्पॉन्सर आहे, असा माणूस पाहा. आधी तात्पुरता स्पॉन्सर मागता येतो. जुळलं नाही तर बदलता येतो, त्यात अपमान नाही. स्पॉन्सर डॉक्टर नसतो, वकील नसतो, सावकारही नसतो.

## मध्येच स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलं गेलं, तर

यादीतली पुढची मीटिंग कोणती ते पाहा आणि जा. जाण्याआधी नंबर असलेल्या एकाला फोन करून "प्यायलो" एवढं सांगा. दारूशिवायचे दिवस नव्याने मोजावे लागतील या लाजेपायी माणसं महिनोन्महिने दूर राहतात. गटातल्या कित्येकांच्या वाट्याला हे आलेलं असतं, त्यामुळे तुमच्या सांगण्याचं तिथे कोणाला नवल वाटत नाही. मात्र पिणं पुन्हा अनेक दिवस रोज चाललं असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा, कारण त्या दिवसांनी थरथर आणि फिटचा धोकाही परत आलेला असतो.

## गाव बदलताना किंवा प्रवासात

निघण्याच्या आठवडाभर आधी नव्या ठिकाणच्या दोन मीटिंग फोन करून पक्क्या करा आणि पोहोचल्यावर पहिल्या २४ तासांतली एक ठरवून ठेवा. अनोळखी खोली, रिकामी संध्याकाळ आणि ओळखीचं कोणी नाही, हे तिन्ही एकत्र येतं तेव्हा ओढ सर्वांत जोरात लागते. ऑनलाइन मीटिंगचा दुवा आणि आपल्या गटातले नंबर फोनबरोबर कागदावरही लिहून खिशात ठेवा, म्हणजे बॅटरी संपली तरी हाताशी राहतील.